मेलेली माणसं चालतात ते चालतं, मग ग्लेनचं का खटकलं?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ‘द वॉकिंग डेड’ बघायची बाकी असेल आणि बघायचीच असेल, तर हा एपिसोड नंतरसाठी ठेवा. इथे सगळं फुटणार आहे.)

हेडफोन लावलेत ना? चला.

मागच्या वेळी शेवटी शेवटी मी सहज बोलून गेलो की ‘द वॉकिंग डेड’मध्ये पेट्रोलचं लॉजिक पार गंडलंय. त्यावर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणतो, “दादा, मेलेली माणसं उठून चालतायत, जिवंत माणसं खातायत, आणि तुला पेट्रोलचं पडलंय?” पाठोपाठ हसणारे सहा इमोजी.

मी पण हसलो. पण नंतर दोन दिवस डोक्यात तेच. कारण त्याचा मुद्दा चुकीचा नाहीये. मढं चालतं हे ज्यानं एकदा मान्य केलं, त्याला पुढे कशालाही ‘हे शक्य नाही’ म्हणायचा हक्क राहतो का? आणि राहत नसेल, तर २०१५ साली हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही सहा जण एका कचऱ्याच्या डब्यावरून हातघाईवर का आलो होतो? तो किस्सा सांगतो. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

ज्यांनी बघितलीच नाही आणि तरी स्पॉयलरला न घाबरता ऐकतायत, त्यांच्यासाठी अगदी थोडक्यात. रॉबर्ट कर्कमनचं कॉमिक होतं, २००३ ला सुरू झालं. त्यावर एएमसी चॅनलनं मालिका काढली. पहिला एपिसोड ३१ ऑक्टोबर २०१०, शेवटचा नोव्हेंबर २०२२. अकरा सीझन, १७७ एपिसोड. अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. रिक ग्राइम्स नावाचा पोलीस गोळी लागून कोमात जातो. उठतो तर हॉस्पिटल रिकामं, शहर रिकामं, आणि रस्त्यावर मढी फिरतायत. मालिकेत त्यांना झॉम्बी म्हणत नाहीत, वॉकर म्हणतात.

आता माझी गंमत अशी की ही मालिका मी दोनदा बघितली. एकदा कॉलेजात, मित्रांबरोबर. आणि दुसऱ्यांदा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, आईबरोबर. आई नर्स आहे. सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. तिला मी म्हणालो, “झॉम्बीची सिरीयल आहे, बघतेस?” तर म्हणाली, “झोंबी? आनंद यादवांची?” म्हटलं नाही गं, ती वेगळी.

तेव्हा तिची कोविड ड्यूटी चालू होती. काही दिवस सलग ड्यूटी, मग काही दिवस घरातच वेगळं राहायचं. ती आतल्या खोलीत, मी हॉलमध्ये. दाराच्या मधोमध स्टूल, स्टुलावर लॅपटॉप तिच्याकडे तोंड करून. मी लांब, तिरका बसून अर्धा स्क्रीन बघायचो. असे आम्ही जवळजवळ सहा सीझन काढले.

पहिला एपिसोड. रिक कोमातून उठतो. आई लगेच, “थांबव. थांबव जरा.” मी थांबवलं. म्हणते, “सलाईन कोण बदलत होतं? अर्ध्या लिटरची बाटली चार-सहा तासांत संपते. इतके दिवस हा जगला कशावर? आणि याची युरिन बॅग कुठाय? कॅथेटर काढलं कोणी?” मी म्हटलं, अगं सिरीयल आहे. तर म्हणे, “ते ठीक आहे, पण कॅथेटर काढलं कोणी?”

बरोबरच आहे तिचं. पाण्याशिवाय माणूस काही दिवसच काढतो. रिक जगायलाच नको होता. कोमातून उठल्यावर जग संपलेलं असणं ही युक्तीही जुनीच आहे. २००२ च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ सिनेमाची सुरुवात अशीच होते.

पण आईनं बघणं बंद नाही केलं. का? कारण पुढच्या दोन मिनिटांत तिला दोन गोष्टी पटल्या. एक म्हणजे फुलं. अर्धवट शुद्धीत असताना मित्र शेन फुलं घेऊन आल्याचं रिकला दिसलेलं असतं. जागा होतो, त्याच्याशी बोलायला जातो, तर शेजारची फुलं वाळून कोळ झालेली. किती दिवस गेले हे कोणी सांगत नाही, फुलंच सांगतात. आणि दुसरं म्हणजे रिक पलंगावरून उतरतो तो सरळ खाली कोसळतो, मग कसाबसा नळापाशी जाऊन घटाघटा पाणी पितो. आई म्हणाली, “हां. पहिलं पाणीच मागतात.” आणि मग कॅथेटरचा विषय बंद. म्हणजे तात्पुरता.

इथे मला पहिल्यांदा कळलं की पटणं म्हणजे काय. एका अशक्य गोष्टीच्या आजूबाजूला चार गोष्टी बरोबर ठेवल्या की प्रेक्षक ती अशक्य गोष्ट उधारीवर घेतो. उधारी म्हटलं की ती फेडावी पण लागते. ते पुढे.

आता पेट्रोल. हे पटकन उरकतो, कारण मेसेज त्याच्यावरच होता. साधं पेट्रोल काही महिन्यांतच बिघडायला लागतं. हलके घटक उडून जातात, उरलेलं हवेशी संयोग पावून चिकट होतं, इथेनॉल असेल तर पाणी ओढून घेतं. मालिकेत कथेतली दीड-दोन वर्षं उलटली तरी लोक रस्त्यावरच्या बेवारस गाडीत बसतात, चावी फिरवतात, गाडी चालू. आमची बाईक लॉकडाऊनमध्ये तीन महिने उभी होती तर गॅरेजवाल्यानं कार्ब्युरेटर उघडून मला शिव्या घातल्या! आणि रस्त्याकडेचं गवत तर कायम कापलेलं. जग संपलंय, पण गवत कापणारा मात्र ड्यूटीवर. त्यावर अमेरिकेतल्या फॅन्सनी भरपूर जोक मारून झालेत.

पण खरं सांगू? पेट्रोलमुळे कोणीच मालिका सोडली नाही. मी पण नाही. नवव्या सीझनला त्यांनी ते बरंचसं दुरुस्तही केलं. सुरुवातीलाच ही मंडळी वॉशिंग्टनच्या एका म्युझियममध्ये जुनी घोडागाडी आणि नांगर आणायला जातात. पुढे तर सगळा प्रवास घोड्यावर. छान वाटतं बघायला, की चला, कोणाच्या तरी लक्षात आलं.

वॉकरच्या नियमांचंही असंच. पहिल्या एपिसोडमध्ये मॉर्गनची मेलेली बायको दाराची मूठ फिरवते. दुसऱ्यात एक वॉकर दगड घेऊन दुकानाची काच फोडायला बघतो. पुढे वर्षानुवर्षं त्यांना साधं कुंपण ओलांडता येत नाही! मग शेवटच्या सीझनमध्ये एकदम सांगतात की काही वॉकर वेगळे असतात, ते चढू शकतात, दार उघडू शकतात. दहा वर्षांनी दिलेलं स्पष्टीकरण. ठीक आहे, घेतलं आम्ही.

रक्ताचं मात्र मला जरा जास्त लागलं. सात सीझन माणसं वॉकरच्या रक्तानं न्हातायत, तोंडावर, डोळ्यात, उघड्या जखमांवर. आतडी अंगाला फासून गर्दीतून चालतायत. काही होत नाही. आणि आठव्या सीझनला अचानक निगनचे लोक हत्यारं वॉकरच्या रक्तात बुडवून वार करतात आणि ज्यांना लागलं ते मरून वॉकर होतात. अरे, मग इतके दिवस काय चाललं होतं? इथे नियम मोडलाय तो लढाईत नवीन काहीतरी हवं होतं म्हणून. तरीही, परत सांगतो, यानं पण कोणी भांडत नाही. चिडतात, मीम बनवतात, पुढचा एपिसोड लावतात.

आता ज्या नियमानं मालिका उभी राहिली त्याच्याकडे येतो. दुसऱ्या सीझनच्या शेवटी रिक बाकीच्यांना सांगतो की आपल्या सगळ्यांच्या अंगात हे आधीपासूनच आहे. चावा लागो न लागो, कशानंही मेलात तरी उठणारच. म्हातारपणानं, पडून, तापानं, कशानंही.

आता या एका वाक्याचं पुढे काय होतं बघा. चौथ्या सीझनला ही सगळी माणसं तुरुंगात राहतायत. भक्कम भिंती, कुंपण, शेती, डुकरं पाळलीत. पहिल्यांदाच वाटतं की बसलं बुवा बस्तान. आणि तापाची साथ येते. पॅट्रिक नावाचा मुलगा रात्री अंघोळीच्या जागी खोकत खोकत मरतो. कोणाला माहीतच नाही. आणि तो आतल्या आत उठतो. बाहेरच्या कुंपणाला काहीही झालेलं नाही. झोपलेल्या माणसांच्या कोठड्यांची दारं उघडी. झालं.

याला मी प्लॉट म्हणतो. नवीन राक्षस आणला नाही, नवीन व्हिलन आणला नाही. आधीच सांगून ठेवलेला नियम घेतला आणि बंद इमारतीत एक साधा ताप सोडला.

पुढे पाचवा एपिसोड येतो, ‘इंटर्नमेंट’. २०१३ साली आलेला. हर्शेल, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, मुळात गुरांचा डॉक्टर, एक पाय कापलेला, तो आजारी माणसांच्या विभागात स्वतःहून जाऊन राहतो. तिथे एक खरे डॉक्टर आहेत, त्यांचं आडनाव सुब्रमण्यन, सगळे डॉक्टर एस म्हणतात. ते स्वतःच आजारी. औषध आणायला गेलेले लोक परतलेले नाहीत. माणसं एकेक करून मरतायत आणि मेलेलं प्रत्येक माणूस उठणार, तेसुद्धा बाकीच्या पेशंटच्या देखत.

हर्शेल काय करतो? कोणी गेलं की चादरीनं झाकून, स्ट्रेचरवर घालून, बाकीच्यांच्या नजरेआड नेतो आणि मग डोक्यात सुरी घालतो. इतरांनी बघू नये म्हणून. परत येतो, हसून बोलतो, काढा पाजतो. ज्यांचा श्वास चालत नाही त्यांच्या घशात नळी घालून हातानं अंबू बॅग दाबतात, आळीपाळीनं.

हा एपिसोड आईनं २०२० च्या जूनमध्ये बघितला. दारात स्टूल, स्टुलावर लॅपटॉप. मला आधी लक्षातच आलं नव्हतं की आता हा येणार. आलं तेव्हा मी म्हणालो, “पुढे ढकलू का?” म्हणाली, “राहू दे.”

पूर्ण एपिसोडभर एक शब्द बोलली नाही. मी तिच्याकडे बघतोय, ती स्क्रीनकडे. ग्लेन कोसळतो, त्याला नळी घालायचीय, आणि नळी तर वॉकर झालेल्या एका पेशंटच्या घशात अडकलेली. हर्शेल त्या वॉकरशी झटतोय. मॅगी बाहेरून धावत येऊन गोळी मारते, आणि हर्शेलला काळजी कशाची, तर बॅगला गोळी लागली नाही ना! आई तिथे पहिल्यांदा हलली. “बरोबर आहे,” म्हणाली. “बॅग एकच असते.”

एपिसोड संपला. हर्शेल एकटा बसतो, बायबल उघडतो आणि रडतो. आईनं बराच वेळ काही केलं नाही. मग म्हणाली, “आम्ही पडदा ओढतो. शेजारच्या बेडवर कोणी गेलं की आधी पडदा. बाकीच्यांना सगळं कळतं, तरी ओढायचा.” आणि नंतर, “हे ज्यानं लिहिलंय त्यानं वॉर्ड बघितलेला आहे.”

आता मला सांगा, मेलेली माणसं उठतायत अशा गोष्टीला सव्वीस वर्षं नोकरी केलेली नर्स म्हणते की यानं वॉर्ड बघितलाय. कॅथेटर विचारणारी तीच बाई.

याच सीझनमध्ये अजून एक धागा आहे, तो मला फार आवडतो. कॅरल. साथ पसरू नये म्हणून ती दोन आजारी माणसांना गुपचूप मारते आणि जाळते. कॅरल! पहिल्या सीझनमध्ये नवऱ्याचा मार खाणारी, तोंडातून शब्द न काढणारी बाई. ‘ही असं कसं करेल’ असं वाटायला हवं. वाटत नाही. कारण मधे सोफिया आहे.

सोफिया म्हणजे तिची मुलगी. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला हायवेवर हरवते. तिला शोधता शोधता रिकच्या मुलाला, कार्लला, चुकून गोळी लागते. मारणारा ओटिस, हर्शेलच्या फार्मवरचा माणूस. कार्लच्या ऑपरेशनचं सामान आणायला ओटिस आणि शेन जातात, वॉकर मागे लागतात, दोघांना पळणं शक्य नाही, तर शेन ओटिसच्या पायात गोळी मारतो आणि त्याला वॉकरच्या तोंडी देऊन सामान घेऊन येतो. कार्ल वाचतो. इकडे सोफियाचा शोध एपिसोडमागून एपिसोड चालू. लोक वैतागले होते तेव्हा, मी पण. किती वेळ जंगलात फिरणार!

आणि मग कळतं की हर्शेलच्या धान्याच्या कोठारात वॉकर कोंडून ठेवलेत. हर्शेलला ते आजारी माणसं वाटतात. शेन चिडून कोठार फोडतो, एकेक वॉकर बाहेर येतो, सगळे गोळ्या घालतात. आणि सगळ्यात शेवटी, अडखळत, सोफिया.

पण ती कोठारात आहे हे कोणालाच कसं माहीत नाही? कारण वॉकर पकडून आणायचं काम ओटिस करायचा. तिला त्यानंच आणून टाकलं असणार, असं हर्शेल नंतर सांगतो. आणि ओटिस सांगायला जिवंत नाही. त्याला शेननं मारलंय. म्हणजे ज्या माणसानं कोठार फोडलं, त्याच्याच एका गोळीमुळे इतके दिवस सगळे रानोमाळ हिंडले.

मी हे दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. पहिल्यांदा कळलंही नव्हतं. सगळं समोर होतं. कॅमेऱ्यानं काही लपवलं नव्हतं. आणि इथून कॅरल बदलते. मुलांना गोष्टी वाचायच्या नावाखाली सुरी चालवायला शिकवते. दोघांना मारते. रिक तिला हाकलतो. ती बाहेर एकटी असते, म्हणूनच पाचव्या सीझनच्या पहिल्या एपिसोडला बाकीचे सगळे टर्मिनसमध्ये अडकलेले असताना त्यांना सोडवायला ती बाहेर असते. तीन सीझनचा हिशोब, एक पैसा इकडचा तिकडे नाही.

कोणी म्हणेल यातली माणसं मूर्ख वागतात. वागतात की. एकटी जातात, दार उघडं टाकतात, अँड्रिया वॉकर समजून डॅरिललाच गोळी मारते. मला ते चालतं. आईनं त्या दिवसांत बारा तास पीपीई किटमध्ये काढून घरी येऊन मोबाईल फ्रीजमध्ये ठेवला होता आणि तासभर शोधत होती. आठवडेच्या आठवडे न झोपलेल्या माणसांकडून आपण बुद्धिबळाची अपेक्षा करतो, एसीत बसून.

तर आता तो कचऱ्याचा डबा.

२५ ऑक्टोबर २०१५. सहाव्या सीझनचा तिसरा एपिसोड. आपल्याकडे सोमवार उजाडलेला. ग्लेन आणि निकोलस एका गल्लीत अडकलेत, चहूबाजूंनी वॉकर. दोघं कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी डब्यावर चढलेत. निकोलस हिंमत हरतो, स्वतःला गोळी मारून घेतो, आणि पडताना ग्लेनला घेऊन पडतो. वॉकर तुटून पडतात. पडद्यावर ग्लेनचा चेहरा, किंचाळतोय, आणि खाली छातीपाशी आतडी ओढून काढतायत.

खोलीत शांतता. ग्लेन म्हणजे पहिल्या सीझनपासूनचा पोरगा, पिझ्झा डिलिव्हरी करणारा, ज्यानं रणगाड्यात अडकलेल्या रिकला वॉकीटॉकीवरून वाचवलं. त्यालाच.

मग भांडण सुरू. माझा रूममेट, सिव्हिलवाला, म्हणाला ही आतडी ग्लेनची नाहीतच, निकोलस वर पडलाय, त्याची आहेत. फ्रेम थांबवली. मागे घेतली. परत थांबवली. त्यानं वहीच्या मागच्या पानावर डब्याचा छेद काढला, खाली चाकांमुळे किती जागा उरते, ग्लेन सरकू शकतो का, वगैरे. दुसरा म्हणाला तू वेडा आहेस, तो गेलाय, जरा दुःख करू दे. त्यावरून जुंपली. खरंच जुंपली, टॉवेल फेकाफेकी, दोन दिवस अबोला.

पुढचा एपिसोड आला, तो पूर्णच्या पूर्ण मॉर्गनच्या भूतकाळावर. त्याच्या पुढच्यात ग्लेन नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. सुरुवातीच्या नावांतून स्टीव्हन यूनचं नाव काढून टाकलेलं. आणि २२ नोव्हेंबरला, सातव्या एपिसोडला, ग्लेन डब्याखालून बाहेर. जिवंत. अंगावर ओरखडा नाही.

सिव्हिलवाला बरोबर ठरला होता. आम्ही वाटलं आता हा खोली डोक्यावर घेणार. तर म्हणाला, “बरोबर निघालो, पण मजा नाही आली यार.”

मला हे वाक्य अजून आठवतं. कारण विज्ञानाच्या बाजूनं बघा, डब्याखाली सरकून वाचणं हे मेलेलं माणूस चालण्यापेक्षा कितीतरी जास्त शक्य आहे! कोमात पाण्याशिवाय जगण्यापेक्षा जास्त शक्य आहे. तरी लोक जितके त्यावर चिडले तितके पेट्रोलवर कधीच चिडले नाहीत. ग्लेन कसा वाचला याचं उत्तर ग्लेनच्या स्वभावात नव्हतं, त्याच्या हुशारीत नव्हतं, मालिकेच्या नियमातही नव्हतं. ते कॅमेरा कुठे ठेवला यात होतं. आणि नावांच्या यादीतून नाव काढणं, ते तर कथेत घडतच नाही. ते थेट आपल्याशी, सोफ्यावर बसलेल्या माणसाशी, खोटं बोलणं आहे.

मॅगीला, म्हणजे ग्लेनच्या बायकोला, तो आहे की गेला माहीत नसतं. ते पटतं. गेलेल्यांच्या नावांची भिंत असते, त्यावर ग्लेनचं नाव लिहिलेलं, आणि ती ते पुसते. छान सीन आहे. तिला माहीत नाही कारण ती तिथे नव्हती. पण आम्ही तर तिथे होतो ना!

२०२० मध्ये आईनं हा भाग बघितला तेव्हा तिला चार आठवडे थांबायचं नव्हतं, तीनच एपिसोड. मला उत्सुकता होती की ती काय म्हणते. डब्याखालून ग्लेन निघाला. मला वाटलं खूश होईल, तिला तो आवडायचा. तर तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

त्या दिवसांत वॉर्डातून नातेवाइकांना फोन करायचं काम तिच्याकडे असायचं. आत कोणाला सोडत नव्हते, त्यामुळे घरच्यांना जे कळायचं ते फोनवरच. ती म्हणाली, “गेला तर गेला सांगायचं. आहे तर आहे. माहीत असून अधांतरी नाही ठेवत कोणाला.” मी म्हटलं, अगं, सस्पेन्स आहे तो. म्हणाली, “असेल.”

त्याच सीझनच्या शेवटच्या एपिसोडला काय आहे मला माहीत होतं, म्हणून मी जरा बिचकतच लावला. निगन सगळ्यांना गुडघ्यावर बसवतो, काटेरी तार गुंडाळलेली बॅट फिरवतो, आणि एकावर घालतो. कोणावर? कॅमेरा मार खाणाऱ्याच्या डोळ्यातून. स्क्रीन काळा. संपला सीझन. एप्रिल २०१६ ते ऑक्टोबर, सहा महिने वाट बघा. कॉमिकच्या शंभराव्या अंकात हाच प्रसंग आहे, तिथे ग्लेन मरतो आणि तिथल्या तिथे दिसतो. भयंकर आहे, पण तोंडावर सांगितलंय.

सातव्या सीझनच्या पहिल्या एपिसोडला अमेरिकेत जवळपास एक कोटी सत्तर लाख लोक बसले होते, कोण मेलं बघायला. एब्राहम, आणि मग ग्लेन. या वेळी खरंच. त्यानंतर आकडा जो उतरत गेला तो उतरतच गेला. फक्त याच कारणानं असं नाही म्हणणार मी. सीझन जास्त झाले, लोक टीव्ही सोडून मोबाईलवर गेले, तो एपिसोड क्रूर होता, बरीच कारणं. पण आमच्या हॉस्टेलच्या सहांपैकी चौघांनी तिथेच सोडली, आणि त्यातल्या एकानंही पेट्रोलचं नाव काढलं नाही.

ग्लेनच्या खऱ्या मरणाला मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. एकदा खोटा मारून झाल्यावर दुसऱ्या वेळी मी आतडी कोणाची आहेत तेच बघत होतो. ते मला जास्त लागलं, खरं तर. एका चांगल्या माणसासाठी रडायची संधी घालवली यांनी माझी.

आईनं तो काळा स्क्रीन बघितला, लॅपटॉपकडे हात केला आणि म्हणाली, “बंद कर. पुढचं मला नको दाखवू.” मी म्हटलं, कोण मेलं ते तरी ऐक. म्हणाली, “ज्यांनी दाखवायचं त्यांनी दाखवलं नाही, तू कशाला सांगतोस?”

पुढचे सीझन मी एकट्यानं बघितले. नवव्यापासून बरी झाली होती पुन्हा, अँजेला कँगनं सूत्रं घेतल्यावर. तिथे माणसं वॉकरच्या कातड्याचे मुखवटे घालून कळपात फिरतात, व्हिस्परर्स. पहिल्या सीझनमधल्या आतडी फासण्याच्या युक्तीचाच तो मोठा झालेला अवतार, म्हणून पटतो. त्यावर वेगळा एपिसोड करू कधीतरी. आणि ‘झोंबिवली’वर पण करायचाय, तुमच्यापैकी बऱ्याच डोंबिवलीकरांनी सांगितलंय, माहितीये मला, धीर धरा.

ज्यानं व्हॉइस मेसेज पाठवला त्याला, मित्रा, तुला पेट्रोलवर हसायची पूर्ण परवानगी. तू कुठल्या सीझनला सोडलीस आणि कशामुळे, ते मात्र कळव. बाकीच्यांनीही कळवा, मिनिटभराचा व्हॉइस मेसेज चालेल.

आणि हो, हा एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी आईला वाचून दाखवला, तिच्याबद्दल इतकं बोलतोय म्हणून. सगळं ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, ठीक आहे, टाक. आणि दारापर्यंत जाऊन परत वळली. “पण मला अजून सांगितलं नाहीस, कॅथेटर काढलं कोणी?”

भेटू पुढच्या गुरुवारी.